विश्लेषण : जुन्या मोटारहोममधील जाम स्क्रू कसे काढतात? नुसतेच फिरणारे स्क्रू अधिक त्रासदायक का?

सत्तरच्या दशकातील एखादी अमेरिकी मोटारहोम, म्हणजे झोपण्याच्या आणि स्वयंपाकाच्या सोयीसह रस्त्यावर धावणारे घर, आतून नव्याने करायला घेतली की सुरुवातीचा बराच काळ जुने उतरवण्यातच जातो. कपाटे, पलंगाच्या चौकटी, भिंतींचे पॅनेल, पडद्यांच्या पट्ट्या हे सारे शेकडो स्क्रू, बोल्ट आणि रिव्हेटांनी जखडलेले असते. त्यातले काही जागचे हलत नाहीत. काही गरागरा फिरतात, पण बाहेर येत नाहीत. दोन्हींवर सर्रास एकच उपाय केला जातो, तो म्हणजे आणखी जोर लावण्याचा. हा उपाय बहुतेक वेळा अंगाशी येतो, कारण हे दोन बिघाड एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ते ओळखायचे कसे आणि त्यावर काय करायचे, याविषयी…

या गाड्यांमध्ये जपण्यासारखे काय?

आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबॅगो कंपनीने १९६६ मध्ये आपली पहिली मोटारहोम बाजारात आणली. त्यानंतर अमेरिकेत ही वाहने मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात ‘जीएमसी मोटारहोम’ तयार केली. २३ आणि २६ फूट लांबीच्या या गाडीला ॲल्युमिनियमची चौकट आणि त्यावर ॲल्युमिनियम व फायबरग्लासचे बाह्यांग होते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिल्याने तिची जमीन बरीच खाली ठेवता आली. अशा सुमारे १३ हजार गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबले. हौशी मालक त्या आजही जपतात. इंजिन किंवा ब्रेकचे सुटे भाग खटपट करून मिळवता येतात. मात्र खिडकीभोवतीची साच्यातून काढलेली प्लास्टिकची कड, त्या काळच्या सनमायकाचे कपाटाचे दार किंवा छताचा वळणदार तुकडा एकदा फुटला, की तसाच दुसरा मिळणे मुश्कील असते. दहा-वीस रुपयांच्या स्क्रूवर केलेली जबरदस्ती म्हणूनच महाग पडते.

स्क्रू जाम होण्यामागचे कारण काय?

घरातील कपाट एका जागी उभे असते. मोटारहोममधील कपाट मात्र हजारो किलोमीटर हादरे खात फिरते. खिडक्या आणि छताच्या सांध्यांतून पाणी झिरपते, स्वयंपाकाची वाफ भिंतीच्या पोकळीत जाऊन थिजते, उन्हाळ्यात आतील तापमान खूप चढते आणि हिवाळ्यात गोठणबिंदूच्या खाली उतरते. अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात. त्याचे पाणी तळाच्या बोल्टांपर्यंत पोहोचते.

लोखंडी स्क्रू लोखंडात बसवलेला असेल तर त्याच्या आट्यांमध्ये गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागते. आटे आणि भोक यांच्यातील बारीक फट त्याने गच्च भरते आणि स्क्रू पाचर ठोकल्यासारखा अडकतो. लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये असेल तर गोष्ट थोडी वेगळी असते. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा आला की एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झीज होते ती ॲल्युमिनियमची आणि त्याची पांढरी पूड आट्यांमध्ये घट्ट बसते. कोकण किनारपट्टीवरील घरांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या स्क्रूभोवती जी पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, ती हीच. रंगाचे थर, जुना गोंद आणि सीलंट यांनीही स्क्रू धरला जातो. कारण कोणतेही असो, जाम स्क्रूच्या आट्यांमध्ये घर्षण गरजेपेक्षा फार वाढलेले असते.

मग नुसतेच फिरणारे स्क्रू कसे तयार होतात?

येथे उलटे घडलेले असते. स्क्रू बाहेर यायचा तर समोरच्या आट्यांनी, म्हणजे लाकडाने किंवा नटाने, स्थिर राहून त्याला धरावे लागते. ती पकडच सुटली की स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. पाणी मुरून लाकूड कुजले असेल तर आट्यांभोवती नुसता भुसा उरतो. प्लायवुडमध्ये मागून ठोकलेल्या दातेरी टी-नटचे दात कुजक्या थरातून उपटले गेले, तर नट बोल्टाबरोबर फिरू लागतो. पातळ पत्र्यात बसवलेल्या रिव्हेट-नटचेही असेच होते. बी. एफ. गुडरिच कंपनीने हा प्रकार १९३०च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फरोधक रबरी पट्ट्या बसवण्यासाठी आणला होता. मागून हात पोहोचत नसेल तेथे पुढूनच बसवता येणारा नट, ही त्याची खुबी. पण भोक किंचित मोठे झाले की तो तेथेच फिरत राहतो, आणि मागून हात पोहोचत नाही हीच अडचण होऊन बसते. गोल डोक्याचा, मानेशी चौकोनी असलेला बोल्ट लाकडातील चौकोन गोल झाला की फिरतो.

कित्येकदा एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो. बोल्ट नटात गंजून जाम झालेला असतो. त्यावर जोर लावला की आटे सुटत नाहीत, त्याऐवजी टी-नटचे दात उपटतात. म्हणजे आधी जाम असलेला बोल्ट आता जामही असतो आणि फिरताही. म्हणून पहिल्या पाव फेऱ्यात हाताला काय जाणवते, याकडे लक्ष देणे महत्त्वाचे. सुटणारा स्क्रू कुरकुरतो, पण डोके पॅनेलपासून थोडे वर येते. डोके वर न येता फिरत असेल तर तेथेच थांबावे.

काम सुरू करण्यापूर्वी काय तपासावे?

पॅनेलच्या मागे काय आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. अमेरिकी मोटारहोममध्ये १२ व्होल्टची बॅटरीवरची आणि १२० व्होल्टची अशा दोन वेगळ्या वीजवाहिन्या असतात. बाहेरून येणारी वीज तोडणे, जनरेटर बंद ठेवणे आणि बॅटरीची ऋण तार काढणे ही तिन्ही कामे करावीत. गॅसची टाकी मुख्य झडपेशी बंद करावी. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, आणि ड्रिलची ठिणगी तेथेच उडते. त्या काळच्या फरशा आणि त्यांचा गोंद यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. तपासणी करून घेतल्याखेरीज ते घासू वा छिद्रू नयेत. गॉगल सर्वात आधी. तुटलेल्या स्क्रूचे डोके थेट चेहऱ्याकडे उडते.

दुसरी तपासणी घडणीच्या क्रमाची. लाकडी सांगाड्याच्या अनेक मोटारहोममध्ये कपाटे आधी उभी करून त्यांना भिंतीच्या बाजूने स्क्रू मारले जात आणि बाहेरचा पत्रा नंतर चढवला जाई. अशा कपाटाचा स्क्रू आतून शोधून सापडतच नाही, कारण त्याचे डोके पत्र्याच्या मागे असते. मोबाइलला जोडता येणारा छोटा एंडोस्कोप कॅमेरा कमी खर्चाचा असतो. दिव्याच्या किंवा स्विचच्या भोकातून तो आत घातला की नट आहे की नुसतेच लाकूड, तार कोठून गेली आहे, हे दिसते. काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवावेत.

जाम स्क्रूवर कोणत्या क्रमाने उपाय करावेत?

सौम्य उपायापासून सुरुवात करावी. पहिली पायरी खाच स्वच्छ करण्याची. तिच्यात साठलेला रंग आणि गोंद टोकदार सुईने खरवडावा. मग नेमका बसणारा बिट निवडावा. अमेरिकी गाड्यांत फिलिप्सच्या अधिक चिन्हाच्या खाचेबरोबर रॉबर्टसनची चौकोनी खाचही आढळते. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी ती १९०८च्या सुमारास आणली. काही जुन्या वाहनांत फुलपाखराच्या आकाराची ‘क्लच’ खाचही दिसते. तिच्यात साधा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावणे म्हणजे खाच हाताने गोल करणे. फिलिप्सचा बिट जोर वाढला की वर सरकून निसटतो. म्हणून फिरवण्याच्या जोरापेक्षा आत दाबण्याचा जोर अधिक ठेवावा. बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह घासण्याची खरखरीत पेस्ट लावली तर पकड वाढते.

दुसरी पायरी आत झिरपणाऱ्या तेलाची. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. घरोघरी असलेले डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन डिएगोतील रॉकेट केमिकल कंपनीने मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार केले. नावातील अक्षरांचा अर्थ तोच आहे, आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. हलक्या गंजावर ते चालते, पण खोलवर जाम झालेल्या आट्यांसाठी खास भेदक तेल अधिक उपयोगी पडते. तेल लावून दोन मिनिटांत पाना घेणे व्यर्थ. ते बारीक फटींतून केशाकर्षणाने आत जाते आणि त्याला वेळ लागतो. संध्याकाळी लावावे, डोक्यावर हलके ठोके द्यावेत, रात्रभर ठेवावे, सकाळी पुन्हा लावावे. ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या पुडीवर मात्र तेलाचा प्रभाव कमी पडतो.

तेथे कामी येते ती तिसरी पायरी, उष्णता. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉनने वाढते, पोलाद सुमारे १२ मायक्रॉनने. म्हणजे सहा मिलिमीटरचा पोलादी स्क्रू आणि त्याभोवतीचे ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापले तर दोघांत जेमतेम सात मायक्रॉनची फट पडते. केसाच्या जाडीपेक्षा ती कितीतरी कमी आहे, पण पुडीचा बंध तुटायला तेवढे हलणे पुरते. या कामासाठी गॅसची ज्योत वापरू नये. भिंतीच्या पोकळीत पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि तो जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. लहान स्क्रूसाठी सोल्डरिंगची कावीळ डोक्यावर मिनिटभर टेकवणे पुरेसे असते. रंग, गोंद किंवा प्लास्टिकने धरलेले स्क्रू याने सुटतात. तेल लावलेल्या जागी उष्णता द्यायची असेल तर तेल आधी पूर्ण पुसून घ्यावे.

आता स्क्रू सोडवण्यापूर्वी किंचित आवळावा, मग उलटा फिरवावा. असे पुढे-मागे करत गंजाचा बंध थोडा थोडा तोडावा. हातोडीचा ठोका फिरवण्यात बदलणारा हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर फार परिणामकारक आहे, मात्र मागे भक्कम आधार असेल तरच. पोकळ पॅनेलवर तो वापरला तर स्क्रूऐवजी पॅनेलच फुटते. लांब दांडीचा पाना लावण्यापूर्वी एक हिशोब ध्यानात ठेवावा. दांड्याचा व्यास निम्मा असेल तर तो पिळून तोडायला एक-अष्टमांश जोर पुरतो. दहा मिलिमीटरच्या बोल्टला सहज सोसणारा झटका पाच मिलिमीटरच्या स्क्रूचे डोके उडवतो.

फिरणारा स्क्रू बाहेर कसा काढतात?

येथे तेल आणि उष्णता यांचा उपयोग नाही, कारण घर्षण आधीच कमी आहे. गरज असते ती बाहेरच्या दिशेने ओढण्याची. कुजक्या लाकडातील स्क्रूच्या डोक्याखाली पातळ पट्टी किंवा पुट्टीचे पाते सरकवावे, पॅनेलला ओरखडा पडू नये म्हणून खाली गत्ता ठेवावा आणि डोके वर उचलत स्क्रू हळू फिरवावा. आट्यांना भोकाच्या एका कडेचा आधार मिळतो आणि स्क्रू वर येऊ लागतो. डोके थोडे वर आले की ते व्हाइसग्रिपमध्ये धरून फिरवत ओढावे.

फिरणाऱ्या रिव्हेट-नटवरही हेच तत्त्व. बोल्ट बाहेरच्या बाजूला ताणून धरला की नटाची मागची फुगलेली बाजू पत्र्यावर दाबली जाते आणि फिरणे थांबते. पुढची कड दिसत असेल तर तिच्याखाली पातळ छिन्नी अडकवावी. टी-नट असेल आणि मागून पोहोचता येत असेल तर त्याच्या चकतीच्या कडेला लागून एक-दोन छोटे स्क्रू मारावेत, म्हणजे चकती अडते. मागून पोहोचता येत नसेल, तर नव्या कपाटाखाली झाकली जाईल अशा ठिकाणी मागच्या प्लायवुडला हात जाण्यापुरते भोक पाडणे, हा दर्शनी पॅनेल फोडण्यापेक्षा कधीही शहाणपणाचा मार्ग.

जमिनीतून आरपार गेलेल्या बोल्टासाठी दोन माणसे लागतात, एक आत आणि एक गाडीखाली. खाली जाणाऱ्यासाठी गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर टेकलेली हवी. गोल डोके असेल तर कानशीने त्याच्या दोन बाजू सपाट कराव्यात किंवा बारीक चकतीने त्यात खाच पाडावी, म्हणजे पकड किंवा पेचकस बसतो.

यातले काहीच चालले नाही तर कापणे हा पराभव मानू नये. पॅनेल आणि चौकट यांच्यामध्ये पाचर मारून दोन-तीन मिलिमीटरची फट करावी आणि धातू कापणारे हॅक्सॉ ब्लेड किंवा कंप पावणाऱ्या मल्टिटूलचे पाते आत घालून दांडा कापावा. स्क्रू जातो, पॅनेल वाचते. पाते पलीकडे कोठवर जाते, हे मात्र आधी कॅमेऱ्याने पाहिलेले असावे.

रिव्हेट ड्रिलबरोबर फिरू लागला तर?

ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत पोकळ रिव्हेट सर्वत्र असतात आणि ते ड्रिल करूनच काढावे लागतात. सुरुवातीला मध्यभागी अडकलेला खिळ्याचा तुकडा पंचने मागे ठोकावा, नाहीतर ड्रिलचे पाते घसरते. मग रिव्हेटच्या दांड्याएवढ्याच व्यासाचे पाते घेऊन फक्त डोक्यापुरते छिद्र करावे. डोके निघाले की उरलेला भाग पंचने आत ढकलता येतो. रिव्हेट फिरू लागला की जोर आणि वेग वाढवला जातो. त्याने रिव्हेट तापतो, भोक मोठे होते आणि काम अधिक बिघडते. त्याऐवजी डोक्याखाली छिन्नीची धार अडकवून ते स्थिर करावे किंवा छिन्नीनेच डोके छाटावे.

जाम स्क्रूचे डोके तुटले तरी हाच संयम उपयोगी पडतो. पॅनेल आधी उतरवावे. बऱ्याचदा दांडा थोडा वर उरलेला असतो आणि व्हाइसग्रिपने निघतो. तो आत असेल तर मध्यभागी खूण करून डाव्या फेऱ्याच्या पात्याने छिद्र करावे. ते पाते सोडवण्याच्या दिशेनेच फिरत असल्याने अनेकदा छिद्र पूर्ण होण्याआधीच दांडा बाहेर येतो. ‘ईझी-आऊट’ म्हणून मिळणारा एक्स्ट्रॅक्टर शेवटचा उपाय. तो कठीण पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही.

पुन्हा बसवताना काय बदलावे?

आसने आणि सीटबेल्ट यांचे बोल्ट ही सर्वात गंभीर बाब. तेथील बोल्ट फिरत असेल, तर त्याखालचे लाकूड किंवा पत्रा अपघातात माणसाला धरून ठेवू शकणार नाही, असा त्याचा अर्थ. अशा भोकात लाकडी खुंटी किंवा गोंद भरून भागवू नये. कुजलेला भाग काढून, खाली पोलादी पट्टी देऊन, मूळ ताकदीचाच बोल्ट आरपार बसवावा. डोक्यावरच्या कपाटांनाही मागे पक्का आधार हवा. हलक्या पट्ट्यांसाठी मात्र भोकात गोंद लावून कठीण लाकडाची खुंटी ठोकणे आणि नव्याने भोक पाडणे पुरते. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू स्वस्त असले तरी ते ठिसूळ असतात, हादऱ्यांत तुटतात. स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर आणि आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट लावली की ओलावा आणि झीज दोन्ही रोखता येतात.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण आणले. आपल्याकडे अशी वाहने बहुधा व्हॅन किंवा बसच्या सांगाड्यावर तयार होतात आणि दमट पावसाळा व खारा वारा त्यांच्याही वाट्याला येतो. त्यामुळे आज नव्याने सुतारकाम करणाऱ्यांनी दोन गोष्टी आताच कराव्यात. प्रत्येक स्क्रूचे डोके हात पोहोचेल अशा बाजूला ठेवावे, आणि लपलेल्या नटांच्या जागा छायाचित्रासह नोंदवून ती नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. वीस-तीस वर्षांनी ती गाडी उघडणाऱ्या कारागिराचे निम्मे काम तेथेच झालेले असेल.